भूगोल माझा, देव त्याचे

आमचं पहिलं भांडण पावसावरून झालं. माझा धाकटा भाऊ नागपूरच्या दवाखान्यात डायलिसिसच्या खुर्चीवर रेलून बसला होता. डाव्या हातात दोन जाड सुया होत्या आणि उजव्या हातानं त्यानं माझ्या शाळेतल्या कोऱ्या नकाशाच्या पाठीवर एक अख्खा खंड काढला होता. मधोमध डोंगरांची रांग, तिच्या पश्चिमेला वाळवंट आणि पूर्वेलाही वाळवंट. मी मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या शाळेत भूगोल शिकवते, तोही हिंदीतून. मला राहवतंय होय? मी म्हटलं, असं होत नसते. वारा ज्या बाजूनं येते, डोंगराच्या त्या बाजूले पाऊस पडलाच पाहिजे.

"इथं वारा देवीच्या मर्जीनं वाह्यते, ताई."

"असंन मर्जी. पण डोंगर तर आडवा येईनच ना?"

"मंग डोंगर हटवतो," तो म्हणाला आणि माझ्याकडे खोडरबर मागितला.

शेजारच्या खुर्चीवर एक काका तोंडावर टॉवेल घेऊन पडले होते. त्यांचा टॉवेल हसण्यानं हलला. त्या हॉलमध्ये कुणी हसलं की सगळे मान वळवून बघायचे, इतकं ते दुर्मीळ होतं.

त्याला तेव्हा तिशी लागली होती. दोन्ही किडन्या कधी गेल्या ते त्यालाही कळलं नाही. नीट दिसत नाही म्हणून चष्मा बदलायला गेला, तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी ब्लडप्रेशर बघितलं आणि थेट नागपूरला पाठवलं. किडनी बदलायचा मार्ग होता, पण घरातलं कुणीच त्या कामाचं निघालं नाही. माझा रक्तगट जुळेना, आईला साखर, बाबांचं वय झालेलं. उरलं डायलिसिस, आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि शनिवारी. शाळेतून सुटी मिळेल तेव्हा मी सोबत जायची, नाहीतर बाबा जायचे.

पांढुर्ण्यात त्याचं फ्लेक्सचं दुकान होतं. पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा अभिनंदनाच्या बॅनरचं इतकं काम आलं की त्याला जेवायला फुरसत नव्हती, आणि तेव्हाच त्यानं पाणी कमी प्यायलं म्हणून हे झालं, असं आई अजून म्हणते. आईला कारण लागतं. त्याला मात्र त्या कामाचा कंटाळा आला होता. नेत्यांचे चेहरे उजळून देण्यात जन्म चालला, असं तो म्हणायचा. लहानपणापासून त्याला नसलेल्या देशांचे नकाशे काढायचा नाद होता. मोठेपणी तो नाद सुटला होता, खुर्चीवर बसून राहायची वेळ आली तेव्हा पुन्हा लागला.

वाटणी आपोआप झाली. भूगोल माझा, देव त्याचे. जग पाच खंडांचं करायचं ठरलं, पंचमहाभूतांपैकी एकेकाचा एकेक खंड. ज्या खंडावर ज्या तत्त्वाची जादू चालते, तिथली जमीन, डोंगर, माणसांच्या सवयी, सगळं त्या तत्त्वानं घडवायचं. त्यानं सुरुवातीलाच दोन नियम घातले. पहिला नियम, देव काहीही नव्यानं निर्माण करत नाही. एका ठिकाणी पाऊस पाडायचा तर दुसरीकडची नदी आटली पाहिजे. हा नियम मला आवडला, कारण तो माझ्या भूगोलात बसत होता. दुसरा नियम, मेलेलं कुणी परत येत नाही. त्यावर मी काही बोलले नाही. तेव्हा बोलण्याचं कारण नव्हतं, किंवा होतं म्हणूनच बोलले नाही.

आगीचा खंड त्यानं जगातला सगळ्यात थंड खंड केला. तिथली सगळी ऊब देवीनं आपल्या चुलीत गोळा करून ठेवलेली. ती म्हातारी दिवसभर फुंकणी घेऊन बसते आणि विस्तवावर कुणाला हात शेकू देत नाही. लोक बर्फावर घरं बांधून, लांबून त्या धुराकडे बघत जगतात. वाऱ्याच्या खंडावर देव एका जागी ठरतच नाही, म्हणून तिथली देवळं बैलगाडीवर बांधलेली. पुजारी घंटा धरून गाडी हाकत देवामागे धावतात, आणि देव सापडेपर्यंत नैवेद्य उडून गेलेला असतो. हे सांगताना तो इतका हसला की यंत्र वाजायला लागलं आणि सिस्टरनं येऊन आम्हाला दोघांनाही दम दिला.

घरी आमच्या या उद्योगाची टिंगल चालायची. बाबांची सौंसरजवळ संत्र्याची बाग आहे. ते म्हणायचे, "खरी जमीन इथं हाय. तिले पाणी देता देता माही कंबर मोडून राहिली, अन् तुमी दोघं कागदावर नद्या काढून राहिले." भाऊ उरल्यासुरल्या फ्लेक्सच्या तुकड्यांवर एकेक खंड आणि त्याचा देव छापून दुकानाच्या भिंतीवर लावायचा. गिऱ्हाईक विचारायचं, भाऊ, ही कोणत्या पार्टीची बाई हाय? तो गंभीरपणे सांगायचा, अपक्ष.

त्याचे सगळ्यात जास्त हाल पाण्याचे होते. लघवीच होत नसल्यानं दिवसाचं पाणी ठरलेलं होतं. चहा, वरण, ताक, सगळं त्यातच धरायचं. जास्त झालं की छातीत पाणी चढायचं आणि आडवं होता यायचं नाही. उन्हाळ्यात तो बर्फाचा खडा तोंडात धरून बसायचा आणि तो विरघळेपर्यंत कुणाशी बोलायचा नाही. सौंसरहून नागपूरला जाताना सावनेरच्या स्टँडवर बस थांबली की पोरं खिडकीशी थंड पाण्याच्या बाटल्या आपटायची. तो दुसऱ्या बाजूला बघायचा. मीही मग दिवसभर पाणी प्यायची नाही, आणि संध्याकाळी डोकं धरून बसायची. त्याचा त्याला काडीचा उपयोग नव्हता.

बाबांनी त्याच्या तहानेचा आपल्या परीनं अर्थ लावला होता. आमच्याकडे संत्र्याचा आंबिया बहर, म्हणजे थंडी सरताना फुलणारा, घ्यायचा तर थंडीत झाडांचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. पानं पिवळी पडतात, गळतात, झाड आता जातं की काय असं वाटतं. मग ताण तोडून पाणी सोडलं की अख्खी बाग फुलावर येते. बाबा शेजाऱ्यांना सांगायचे, डॉक्टर पोराले ताण देऊन राहिला, पाहाजा, बहर येईन. भाऊ त्यांच्यासमोर मान डोलवायचा. मला एकटीला बसमध्ये म्हणाला, "झाडाचा ताण तोडाले कोणी तरी असते ताई. माहा कोण तोडंन?"

त्याच आठवड्यात त्यानं पाण्याचा खंड घेतला. एवढ्या नद्या काढल्या की जमीन दिसेना. मी म्हटलं, हे सगळं दलदल होईन, इथं पीक काय येईन? तो म्हणाला, होऊ दे दलदल. नद्या उताराकडून चढाकडे जात होत्या, त्यावरही मी हरकत घेतली, ती त्यानं ऐकलीच नाही. देवी मात्र त्यानं फार विचार करून केली. ती समुद्राच्या मधोमध उभी आहे, गळ्यापर्यंत पाण्यात, आणि तिचे ओठ फाटलेले आहेत. ती पाणी पीत नाही. ती प्यायली तर सगळा समुद्र एका घोटात संपेल हे तिला माहीत आहे. त्या खंडावरचे लोक पावसासाठी नवस करत नाहीत, देवीला अजून एक दिवस दम निघावा म्हणून करतात.

मी तो फ्लेक्स बघितला आणि दुकानातून बाहेर येऊन रस्त्यावर उभी राहिले. मला रडू आलं होतं आणि रागही आला होता, त्याच्यावर, डॉक्टरवर, त्या देवीवरसुद्धा.

खरं सांगायचं तर मला त्या जगाशी काही देणंघेणं नव्हतं. मला फक्त तो जगायला हवा होता. त्याच्यात आता कंटाळा दिसायला लागला होता. शनिवारी निघायची वेळ झाली की तो म्हणायचा, आज राहू दे. एक दिवस नाही गेलो तं काय होते? काय होतं ते आम्हा दोघांना माहीत होतं. अशा वेळी मी एखादी हरकत काढायची. वाऱ्याच्या खंडावर समुद्राचे प्रवाह उलटे आहेत, आगीच्या खंडावर नद्या गोठल्या तर लोक पितात काय. तो चिडायचा, उत्तर शोधायचा, आणि त्या नादात बसमध्ये चढायचा. जग अपुरं आहे तोवर हा खुर्चीपर्यंत येत राहील, असं मी मनाशी धरलं होतं. मास्तरकीत जन्म गेलाय, चुका काढणं मला जमतं.

त्याच्या ते लक्षात आलं होतं. एकदा म्हणाला, "ताई, तुह्या हरकती संपल्या की सांगजो. मंग मी मोकळा." मी विषय बदलला.

मातीचा आणि आकाशाचा, असे दोन खंड राहिले होते, तेव्हा बागेत आंबियाची फळं तोडणीला आली.

आमच्या घरी एक रीत आहे. बहराचं पहिलं फळ तोडलं की ते धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, शेंदूर लावलेल्या दगडापुढे ठेवायचं, आणि मग घरातल्या सगळ्यात धाकट्यानं ते खायचं. त्यानं खाल्ल्याशिवाय व्यापाऱ्याला बागेत पाऊल टाकू देत नाहीत. हा मान जन्मल्यापासून भावाचा होता. दात नव्हते तेव्हा आईनं रस बोटानं चाटवला होता म्हणे. किडनीच्या माणसाला संत्रं चालत नाही. त्यातलं पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदय बंद पाडू शकतं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि सौंसरचे आहोत म्हटल्यावर पुन्हा एकदा दरडावून सांगितलं होतं. तेव्हा बाबा खुर्चीच्या मागे उभे होते. पण बाबांना औषधांतलं काही कळत नाही, आणि घरच्या झाडाचं फळ बाधत नाही असं ते सगळ्यांनाच सांगायचे. बाजारातल्या फळाला काय काय मारलेलं असतं, आपलं तसं नाही, असं.

त्या दिवशी मी शाळेत होते. दुपारी आईचा फोन आला की त्याचे पाय उचलत नाहीत आणि तो भिंतीला धरून बसलाय. शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही त्याला नागपूरला नेलं. वाटेत त्याची नाडी मला हाताला लागेना, लागली की फार सावकाश लागायची. दवाखान्यात त्याला आधी इंजेक्शन दिलं आणि मग तडक यंत्रावर घेतलं. थोडा जीव आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? तो म्हणाला, बसस्टँडवर ज्यूस प्यालो. डॉक्टर त्याला वाट्टेल तसं बोलले. बाबा तेव्हा औषधं आणायला खाली गेले होते.

डॉक्टर गेल्यावर मी त्याच्याकडे बघितलं. बुधवार नव्हता की शनिवार नव्हता, दुकानातही तो गेला नव्हता, मग कोणत्या बसस्टँडवर गेला होता?

"बाबाईनं पयलं फळ देल्लं," तो हळूच म्हणाला.

"अन् तू खाल्लं? तुले अक्कल हाय का नाई?"

"त्याईनं देवापुढचं उचलून हातावर ठेवलं. नाई कसं म्हणू? त्याईले वाटते घरचं बाधत नाई." मग थांबून म्हणाला, "त्याईले सांगू नको ताई. त्याईले माहीत नव्हतं. माहीत झालं तं ते मरून जातीन."

मी संतापले होते. बाबांना खाली जाऊन सांगावं, सगळ्या वॉर्डासमोर सांगावं असं वाटत होतं. बाबा पिशवी घेऊन वर आले, त्याच्या पायाशी उभे राहिले आणि त्याच्या अंगठ्याला हात लावून म्हणाले, आता कसं वाटून राहिलं? तो म्हणाला, मस्त. मी गप्प बसले. पुढेही गप्पच राहिले.

त्यानंतर त्यानं मातीचा देव केला. यावेळी मला काही विचारलं नाही, जमीन कशी, पाऊस किती, काही नाही. थेट फ्लेक्सवरच दिसला. एक म्हातारा शेतकरी, ढोपरापर्यंत जमिनीत रुतलेला, आणि त्याच्या ओंजळीत फळं. तो येणाऱ्या जाणाऱ्याला फळ देतो. नको म्हणता येत नाही इतक्या मायेनं देतो. जो खातो त्याचे पाय जमिनीत जातात, अंगाला साल येते आणि त्याचं झाड होतं. सगळा खंड म्हणजे एक मोठी बाग, आणि त्या बागेतलं प्रत्येक झाड म्हणजे ते फळ खाल्लेला कुणीतरी माणूस.

मी विचारलं, "हे बाबा हायत का?"

"नाई." तो लगेच म्हणाला. "बाबाईले माहीत नव्हतं. या देवाले माहीत हाय. माहीत असून देते, म्हणून तो देव."

त्याच बैठकीत मी दुसऱ्या नियमाचा विषय काढला. मेलेल्यांना परत यायची एक तरी वाट ठेवू, मी म्हटलं. आकाशाचा खंड अजून रिकामा आहे, तिथे ठेवू. एखादा देव असा असू दे, ज्याला काहीतरी मोठं देऊन माणूस सोडवून आणता येईल. मी काय देईन तेही मी ठरवून ठेवलं होतं. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं.

"नाई जमणार ताई. एकजण परत आला तं बाकीच्याईचं मरण खोटं पडते. आकाश तसंच राहू दे. देव नको, माणूस नको, काई नको."

"अपुरं राहीन ते."

"अपुरं नाई. तितकंच हाय ते." मग माझ्याकडे बघून हसला. "काढ ना आता हरकत."

मला एकही हरकत सुचली नाही. रिकाम्या जागेत कसली चूक काढणार?

थंडी सरता सरता त्याच्या हातातली, डायलिसिसच्या सुयांसाठी ऑपरेशन करून जोडलेली शीर बंद पडली. दुसऱ्या हातात करून बघितली, ती चाललीच नाही. मग मानेत नळी टाकली, तिच्यातून ताप आला, नळी बदलली, पुन्हा ताप आला. डॉक्टर आता आम्हाला आशा वाटेल असं काही बोलत नव्हते आणि आम्ही विचारतही नव्हतो. बाबांनी ताणाची गोष्ट सांगणं बंद केलं होतं. बागेत फुलं धरली तेव्हा वास घरापर्यंत येत होता, आईनं खिडकी लावून घेतली. शेवटच्या आठवड्यात त्याला किती पाणी प्यायचं याची मोजणी कुणी ठेवली नाही. डॉक्टरच म्हणाले, मागेल तेवढं द्या. तेव्हा त्याला गिळता येत नव्हतं.

तो गेला. त्याच्या जाण्याबद्दल मला याहून जास्त लिहिता येत नाही.

दोन महिन्यांनी दुकान रिकामं करायचं होतं. आई आली नाही. बाबा आणि मी पांढुर्ण्याला गेलो. छपाईचं यंत्र आधीच कुणीतरी नेलं होतं, भिंतीवरचे फ्लेक्स तेवढे राहिले होते. बाबा त्या दुकानात आत कधी फारसे आले नव्हते, यायचे ते दारातून हाक मारून जायचे. आता ते हात मागे बांधून एकेका खंडासमोर उभे राहून बघत होते. मी खिळे काढत होते. आगीची म्हातारी निघाली, बैलगाडीवरची देवळं निघाली, फाटक्या ओठांची देवी निघाली.

मातीच्या देवासमोर बाबा थांबले.

"हा कोण?"

"मातीचा देव."

"काय करते हा?"

मी सांगितलं. फळ देतो, खाणाऱ्याचं झाड होतं. बाबांनी पुढे होऊन त्या म्हाताऱ्याच्या डोक्यावरच्या दुपट्ट्याला बोट लावलं. बाबांचाच दुपट्टा होता तो, तसाच बांधलेला. मी कधी नीट बघितलं नव्हतं.

"मीच हाय हा," बाबा म्हणाले.

"नाई बाबा. तो म्हणे, बाबा नाई. तो म्हणे देवाले माहीत असते. तुमाले माहीत नव्हतं."

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती.

"मले माहीत होतं बाई," ते म्हणाले. "डॉक्टरनं सांगतलं तवा मी तिथंच उभा होतो. पण पयल्या फळाचा मान त्याचा. नसतं देल्लं तं त्याले समजलं असतं की बापानं आशा सोडली. पुढच्या साली खाजो, असं म्हणाव म्हटलं, पण तोंडातून नाई निघालं. म्हटलं, एका फोडीनं काय होते. तं तो सगळंच खाऊन गेला, माह्याकडे पाहत पाहत."

मी खिळा हातात धरून उभी होते. घरचं बाधत नाही हे ते ज्याला त्याला सांगत फिरायचे, ते स्वतःलाच पटवायला सांगत होते हे माझ्या ध्यानात आलं.

"त्याले वाटलं ना, बाप अडाणी हाय म्हणून?" त्यांनी विचारलं. "माहीत नव्हतं बिचाऱ्याले, असंच वाटलं ना?"

"हो," त्या दुपट्ट्याकडे न बघता मी म्हटलं. "शेवटपर्यंत तसंच वाटलं."

"मंग बरं," बाबा म्हणाले, आणि फ्लेक्सचं खालचं टोक धरायला वाकले.